मामीचा फिरकीचा तांब्या

मामी आधी माझ्या पाया पडायची आणि मग मला शिव्या द्यायची. हा क्रम तिने कधी चुकवला नाही. आमच्याकडे भाचा मानाचा, मामा-मामीने त्याच्या पाया पडावं ही रीत. पण भाचा न्हाणीत पाणी फार सांडतो, दिवा जळता ठेवून झोपतो आणि कारल्याच्या वेलावर धोतर वाळत घालतो, हेही खरंच होतं. म्हणून ती सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी यायची, वाकून माझ्या पावलांना हात लावायची, सरळ व्हायची आणि म्हणायची, "काऊन बे गधड्या, वेल का तुह्या बापानं लावला?"

ती माझी खरी मामी नव्हती. देऊळगाव राजाच्या बसस्टँडवर तिकिटाच्या खिडकीत माझी नोकरी लागली तेव्हा मी खोली शोधत तिच्या मळ्यावर गेलो होतो. गावाबाहेर जालन्याच्या रस्त्याला तिचा भाजीचा मळा, कडेला तीन खोल्या. तिने माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. गाव विचारलं. मी सुलतानपूर म्हणालो. ती म्हणाली, "सुलतानपूरले माही नणंद देल्ली होती. मंग तू माहा भाचा." नणंद लग्नानंतर लवकरच वारली होती, हे मला पुढे कळलं. पण गाव उरलं होतं, आणि मामीला तेवढं पुरायचं.

सगळ्या गावाशी तिचं असंच होतं. नातं लावल्याशिवाय तिला वांगी विकता येत नसत. गिऱ्हाईक भाव विचारी, ती गाव विचारी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, तरी एवढा मोठा गोतावळा असलेली दुसरी बाई मी पाहिली नाही. पोस्टमन तिचा दीर; ती त्याची मनसोक्त थट्टा करायची. जालन्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर तिचा जावई, कारण त्याची बायको बीबीची आणि बीबी हे मामीचं माहेर. माहेरगावची पोर म्हणजे आपली लेक, हा तिचा कायदा. बाजारात वजनमापं तपासायला येणारे साहेब कसे कोण जाणे तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ ठरले. भासऱ्यापुढे बाईने तोंड उघडायचं नसतं. साहेब आले की मामी पदर नाकापर्यंत ओढायची आणि टोपलीला सांगायची, "टोपले, यायले सांग, मापं बरोबर हायेत." साहेब काही वेळ टोपलीशी बोलत आणि निघून जात.

यात गंमत एवढीच नव्हती. नातं एकदा लागलं की त्याचे सगळे नियम तिला लागू होत, सोयीचे आणि गैरसोयीचेही. जावयाला नाही म्हणायचं नाही, म्हणजे नाही. त्या ड्रायव्हरने पेरू मागितले की टोपलीतले वरचे चांगले त्याला, आणि बुडाचे गिऱ्हाइकाला. मी एकदा तिला म्हणालो, मामी, हे सगळे मानलेले लोक आहेत. तिने टोपलीतला एक पेरू पदराने पुसला. मग म्हणाली, "नवरा तरी काय असते बे? तोबी मानलेलाच असते."

मला आयुष्यात पुष्कळ गोष्टींचं ओझं वाटत आलं आहे. माझी बायको म्हणते, दुसऱ्याच्या घरी दूध उतू गेलं तरी तुमचा चेहरा पडतो. ते खरंच आहे. पण जालन्यात मी प्यायलेल्या दोन पेले पाण्याचं ओझं वेगळं. ते समजायला आधी शेवंता समजली पाहिजे.

बाजाराच्या दिवशी जालन्याहून चौघी-पाचजणी यायच्या. लुगडी नेसलेल्या, पुरुषी हाडापेराच्या, टाळ्या वाजवत पालापालाशी उभ्या राहून मागायच्या. त्यांच्यासाठी गावात जो शब्द होता तो लोक त्यांच्या तोंडावर वापरत आणि वर हसत. दुकानदार घाईघाईने काहीतरी हातावर टाकत, कारण त्यांचा शाप लागतो म्हणत, आणि त्याहून जास्त, त्या जवळ उभ्या राहिलेल्या बघवत नसत. मीही खिडकीच्या फळीवर चिल्लर तयार ठेवायचो. मला वाटायचं, माझं मन मोठं आहे.

मामीपुढे त्या आल्या तेव्हा तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "गाव कोणतं?"

त्या हसल्या. आम्हाला कुठलं गाव, मावशी, म्हणाल्या. मागे उभी असलेली एक मात्र हसली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "बीबी."

"बीबीत कोणाची?"

तिने पदर पुढे ओढला. भावाने तिला गावच्या शिवेवरून परत लावलं होतं आणि पुन्हा शिवेच्या आत पाय टाकू नको म्हणून बजावलं होतं. हे नंतर कळलं. त्या वेळी मामीने कोणाची ते पुन्हा विचारलंही नाही. ती म्हणाली, "बीबीची हायेस तर माही लेक झाली. अन् लेक भर बाजारात मागत फिरून राह्यली? बस इथं. पाह्य, पाय किती भाजले."

शेवंता बसली. मामीने तिच्यापुढे कोथिंबिरीचा ढीग सरकवला आणि जुड्या बांधायला लावल्या. बाकीच्या टाळ्या वाजवत पुढे गेल्या. आता मामीच्या पालावर शेवंता बसते म्हणून धंदा बुडेल असं सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच. शेवंताचा आवाज असा की ती "वांगी!" म्हणाली की बालाजीच्या देवळापर्यंत ऐकू जायची. आणि टाळी तर तिच्या हाताची होतीच. एक टाळी, एक हाक. लोक बघायला यायचे आणि वांगी घेऊन जायचे.

शेजारचा लसूणवाला चिडला. मामी, तुला ठाऊक आहे का ही पहिले काय होती, असं त्याने चारचौघांत विचारलं. मामी मिरच्या तोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पह्यले तर तू बी नागडा होता. आता धोतर नेसतो नं? मंग." लसूणवाल्याने पुढे हा विषय काढला नाही.

शेवंता दर बाजाराला येऊ लागली. राहायची जालन्यालाच, तिच्या गुरूच्या घरी. आमच्या ड्रायव्हरला फार कानकोंडं झालं. त्याची बायको मामीची लेक, शेवंताही मामीची लेक, म्हणजे ही त्याची मेव्हणी. पहिल्या दिवशी तो तिला गाडीत मागे बसवू लागला तेव्हा मामी स्टँडवर येऊन सगळ्यांदेखत म्हणाली, "जावई, मेव्हणीले मांगं बसवता? लोक काय म्हणतीन?" लोक खरोखरच बघत होते. तेव्हापासून बायकांच्या बाकावरची पुढची जागा शेवंताची झाली. पुढे पुढे तर तो गाडी सुटायच्या आधी मेव्हणी आली का म्हणून मला विचारायचा.

माझी अडचण निराळी होती. मी भाचा. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क. स्टँडवरच्या कंडक्टरांनी ते बरोबर हुडकून काढलं. सकाळी खिडकी उघडली की एकजण तरी म्हणायचा, "काय बे, मामाची पोरगी आली, हक्क सांगतं का सोडतं?" मी लाजून अर्धा होऊन जायचो. माझ्या लाजण्यानं शेवंताला काय वाटत असेल, हा विचार मला त्या वयात सुचला नाही. तिला मात्र माझी दया यायची. "भाऊ, जास्त घाबरू नका," ती एकदा तिकीट घेता घेता म्हणाली, "मले बी तुम्ही पसंत नाही."

हे मामीच्या कानावर गेलं. ती भर दुपारी स्टँडवर आली, बाकावर उभी राहिली आणि गाडीची घोषणा करावी तसं तिने सांगून टाकलं की शेवंताचं लग्न झालेलं आहे, ती जालन्याला दिलेली आहे. कोणाला दिली, कंडक्टरने विचारलं.

"घराले देल्ली. भरलं घर हाय. सासू हाय, जावा हायेत. आता कोणी तिचं नाव काढलं तर पाहा."

सासू म्हणजे शेवंताची गुरू, आणि जावा म्हणजे त्या घरच्या बाकीच्या. अशा रीतीने मामीने माझी सुटका केली, आणि आपल्या स्वतःच्या मागे एक नियम लावून घेतला. तो त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या स्टँडचं रूप बदलतं. प्रत्येक गाडीतून माहेरवाशिणी उतरतात, कडेवर पोर, हातात गाठोडं, बरोबर न्यायला गेलेला भाऊ नाहीतर चुलता. त्या न्यायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय लेक माहेरी येत नाही. आपली आपण आली तर लोक विचारतात, भांडून आली काय? त्या बाजाराला शेवंता पालावर बसून समोरच्या स्टँडकडे सारखी बघत होती. संध्याकाळी जुड्या बांधता बांधता तिने सहज विचारावं तसं विचारलं, "माय, तुह्या मळ्यात झोका बांधतेत काय आखाजीले?"

मामीने हातातली जुडी आवळून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "रजा काढ. तुले मुराळी व्हाय लागते."

मी एकटा जाईन असं तिला वाटलं नव्हतं. एकट्याला पाठवलं तर मी दारातूनच तिकीट देऊन परत येईन, असं तिचं मत होतं. म्हणून ती स्वतः निघाली. नवं लुगडं, पदरात बांधलेला सांजोऱ्यांचा पुडा आणि हातात फिरकीचा तांब्या. फिरकीचं झाकण घट्ट बसणारा तो पितळी तांब्या मी तिच्या घरी फळीवर बघितला होता, पण वापरताना कधी नाही. जालना तिच्या लेखी अजून मोगलाईत होतं. निजामाचं राज्य गेलं, मुंबई-मराठवाडा-विदर्भ मिळून एक महाराष्ट्र झाला, हे मी तिला पुष्कळदा समजावलं होतं. "मंग तिकडलं पाणी गोड झालं काय?" ती विचारायची. तांब्या त्यासाठीच असावा, असं मी समजलो.

वाटेत गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघाली आणि ड्रायव्हर खाली उतरून पाणी शोधू लागला. वैशाखातल्या त्या माळावर पाणी कुठलं? मग तो मामीच्या खिडकीशी आला. आणि जावयाला नाही म्हणायचं नसतं. मामीने तांब्याकडे एकदा बघितलं, फिरकी उघडली आणि सगळं पाणी त्या इंजिनाला पाजलं.

जालन्यात पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. एका अरुंद गल्लीच्या टोकाला घर. शेण सारवलेलं अंगण, तुळस, दोरीवर लुगडी. ओसरीवर गुरू बसलेली. सगळ्या तिला अम्मा म्हणत. साठीची, धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि डोळे असे की माझ्या मनातलं सगळं तिला दिसतंय असं वाटावं. मामीने पुडा पुढे ठेवला आणि रीतीप्रमाणे सांगितलं, आखाजी आली, लेकीला न्यायला आलो. शेवंता आतल्या दाराआड उभी होती. तिचा फक्त हात चौकटीवर दिसत होता. तो हात मी अजून विसरलो नाही.

अम्माने पुडा उघडला नाही. मग म्हणाली, "एक ऐसेच गई थी. भाई आया था लेने को. आठ दिन में वापस आई, बाल काट के भेजे थे." तिने मामीकडे बघितलं. "मायके का नाम लेके आनेवाले मैंने बहुत देखे, बाई."

तेवढ्यात एकीने पाणी आणलं. ताटात दोन पेले.

इथे मला वाटलं की माझी परीक्षा आहे. वाटेतल्या गाडीतही मी हेच ठरवत होतो की आपण कमी पडायचं नाही, त्या घरात काही मागंपुढं बघायचं नाही. मी पेला उचलला आणि घटाघटा प्यायलो. सगळ्यांना दिसेल असा. मग आणखी मागितला. पाणी खरंतर मचूळ होतं, पण मी "वा" म्हणालो. अम्माचा चेहरा थोडा निवळला. मला फार बरं वाटलं.

मामीने पेल्याला हात लावला नाही.

तिचे ओठ वाळले होते. जीभ टाळूला चिकटलेली बोलण्यात कळत होती. पाणी आणणारी वाकून उभी होती. मामीने मान हलवली, नको. पुन्हा पुढे केलं, पुन्हा नको. चौकटीवरचा हात आत गेला.

अम्मा उठली नाही, ओरडली नाही. पुडा उचलून तिने मामीपुढे परत सरकवला. ज्या शब्दाबद्दल मी मघा लिहिलं तो तिनेच वापरला, म्हणून इथे लिहितो. "सुबह से निकले तुम लोगां. घसा सुकला तुमचा, मेरे को दिखता है. हिजड़े के घर का पानी है, इसलिए नको ना? मग लेकी को काय को न्यायला आली?"

मी मनात म्हटलं, मामी, एक घोट घे, माझं ऐक. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी माझ्या मनाचा दुसरा कोपरा स्वतःवर खूश होता, की मी प्यायलो.

मामी गोंधळली होती. तिला राग आला नव्हता, तिला कळतच नव्हतं. "लेकीच्या घरचं पाणी पेतात काय, ईनबाई?" ती म्हणाली. "तुमच्या मोगलाईत पेत असतीन. आमच्याकडे लेकीले लेकरू झाल्याबिगर मायबाप, भाऊ तिच्या सासरचं पाणी पेत नाही. म्या घरून आणलं होतं. ते जावयानं गाडीले पाजलं."

दोरीवरचं एक लुगडं हलत होतं. आतून कोणीतरी हसलं, आणि ते हसणं मधेच तुटलं. अम्माला अख्ख्या आयुष्यात कोणी ईनबाई, म्हणजे विहीणबाई, म्हटलं नसावं. तिने मामीकडे असं बघितलं की जसं काही ही बाई आत्ताच दारातून आत आली.

"लेकरू होईपर्यंत?" ती हळू म्हणाली. "बाई, मग इस घर का पानी तुम कभी नहीं पीनेवाले."

"नाही तर नाही," मामी म्हणाली. "मी तांब्या आणत जाईन."

अम्मा उठली. पायात चपला घातल्या आणि अंगणातून बाहेर गेली. शेजारी एका शिंप्याचं घर होतं. या घराकडची भिंत त्याने हातभर उंच करून घेतली होती, आणि दोन्ही घरांत बोलणं नव्हतं, हे मला मागाहून शेवंताने सांगितलं. आम्ही ओसरीवरून ऐकत होतो. अम्माने कडी वाजवली. म्हणाली, "माझी विहीण आली आहे. ती आमच्या घरचं पाणी पीत नाही. तुमच्या घरचं एक तांब्याभर द्या."

शिंप्याने आतली कडी लगेच काढली नाही. पण कोणाच्या विहिणीला पाणी नाही म्हणणारा माणूस आमच्या मुलखात नाही, आणि मोगलाईतही नसावा. त्याची बायको स्वतः कळशी घेऊन आली. विहीण कोण म्हणून बघून गेली. मामी ओंजळीने प्यायली, तोंडावर पाणी मारलं, तांब्या भरून घेतला आणि फिरकी घट्ट लावली. मग माझ्याकडे वळली.

"तू काऊन पेला बे?"

मी म्हणालो, मामी, तहान लागली होती.

"तुही मामेबहीण नं ती? भाऊ म्हणून न्यायले आला, अन् परका असल्यावानी दोन पेले पेला."

त्या ओसरीवर सगळ्यांत मोठ्या मनाचा मीच आहे असं मला वाटत होतं, आणि शेवंताला बहीण न मानणारा त्या ओसरीवर मी एकटाच निघालो. शेवंता तेव्हा गाठोडं बांधून बाहेर आली होती. ती म्हणाली, "असू दे वं माय, त्याले कोणी सांगितलं नसन." त्या वाक्याने मला जास्तच लागलं.

अम्माने चार दिवसांच्या बोलीवर पाठवलं. सासवा बोलतात तसंच सगळं बोलून घेतलं, पोरीला उन्हात फिरवू नका, ओटी भरल्याशिवाय धाडू नका, आणि परत पाठवताना आमचा मान विसरू नका. मामीने मुलीकडच्या बाईने ऐकावं तसं मान खाली घालून ऐकलं. मामीला मान खाली घातलेली मी तेवढीच एकदा पाहिली.

मळ्यात लिंबाला झोका बांधला. आणि मग मामीने वर्षानुवर्षं जमवलेलं गणगोत कामाला लागलं. पोस्टमन दीर, म्हणजे शेवंताचा काका. तो खोबऱ्याची वाटी घेऊन आला. बांगड्या भरणारा कासार मामीचा मानलेला भाऊ. तो शेवंताला बघून पेटी बंद करू लागला. मामी म्हणाली, भाचीला मामा बांगड्या भरतो आणि भाचीकडून पैसे घेत नाही. बिचारा आधी फक्त संकोचला होता, आता नुकसानीतही गेला. शेवंताचा हात हातात घेतला तर तेवढ्या मापाच्या बांगड्या पेटीत नाहीत. तो मुकाट्याने घरी गेला आणि शोधून घेऊन आला. पुढे प्रत्येक बाजाराला त्या मापाच्या हिरव्या बांगड्या त्याच्या पेटीत वेगळ्या ठेवलेल्या असायच्या. कोणाच्या म्हणून विचारलं तर म्हणायचा, भाचीच्या.

ड्रायव्हरची बायको नवी बहीण बघायला आली. पहिल्याच जेवणात दोघी आंब्याच्या रसावरून भांडल्या. आधी वाढायचं कोणाला, थोरलीला की पाहुणीला? मामी दोघींना शिव्या देत होती आणि तिचा चेहरा असा फुलला होता की मी तसा कधी पाहिला नव्हता.

शेजारच्या वस्तीतली एक बाई कुंपणाशी येऊन म्हणाली की आमच्या पोरी त्या झोक्यावर बसणार नाहीत. मामीने वाद घातला नाही. म्हणाली, बरोबर आहे, तुझ्या पोरी बिनलग्नाच्या, झोका आधी माहेरवाशिणीचा, त्यांचा नंबर शेवटी. ऊन उतरेपर्यंत त्या पोरी कुंपणाला टेकून आपला नंबर कधी येतो याची वाट बघत होत्या. शेवंता उभ्याने झोका घ्यायची. लिंबाची फांदी करकरायची आणि ती त्या देवळापर्यंत जाणाऱ्या आवाजात गाणं म्हणायची. नंबर आला तेव्हा पोरींनी तिलाच झोका द्यायला लावला, कारण तिच्याइतका उंच कोणी देत नव्हतं.

मामीने चार दिवसांचे जास्त दिवस केले. मग अम्मा स्वतः आली, तणतणत, सासू येते तशी. मुलाकडच्यांना मुलीच्या माहेरचं खायला आडकाठी नाही. ती खाटेवर बसली, पाय धुऊन घेतले, पुरणात वेलदोडा कमी आहे म्हणाली आणि चांगल्या चार पोळ्या खाल्ल्या. विहीण कशी दिसते ते बघायला अर्धं गाव कुंपणाशी जमलं होतं. जाताना मामीने दोघींची ओटी भरली.

बीबीहून कोणी आलं नाही. त्या वर्षी नाही, पुढेही नाही. मामीने त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. फक्त बीबीचं गिऱ्हाईक आलं की त्याला सांगायची, लेक आली होती, मजेत आहे.

पुढे दर आखाजीला मी मुराळी. बुलढाण्याला बदली झाली तरी रजा काढून यायचो. मामीचा तांब्या बरोबर असायचाच. ड्रायव्हर आता गाडीत पाण्याचा वेगळा डबा ठेवायचा. अम्माच्या ओसरीवर मामी आपल्या तांब्यातलं पाणी प्यायची. तांब्या संपला की अम्मा शिंप्याचं दार वाजवायची. आणि माझ्यापुढे मात्र पेला यायचा. मी नको म्हणालो तर अम्मा म्हणायची, "तुमको क्या, तुम तो पीनेवाले हो."

मामी म्हातारी झाली. जालन्याची उन्हं तिला सोसेनात. आपण रीत जरा ढिली करावी असं मी एकदा सुचवलं. ती म्हणाली, "अन् मंग ती कोणाची लेक?"

एका बाजाराला मी देऊळगावला गेलो होतो. शेवंता गाडीतून उतरली तर तिचा पदर धरून एक कोवळी पोर. घरून हाकललेली, कानात बुंदं, डोळे भेदरलेले. अम्माने ती शेवंताच्या ओटीत घातली होती, चेली म्हणून. यापुढे तिचं खाणंपिणं, शिकवणं, रागावणं सगळं शेवंताकडे. मामीने पालावरून मान वर करून विचारलं, "कोण वं ही?"

"माही लेक," शेवंता म्हणाली.

मामी त्या पोरीकडे बघत राहिली. तिने गाव विचारलं नाही. गाव न विचारता मामीने कोणाला आपलं मानलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. वांग्यांची टोपली तिने लसूणवाल्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "पाह्य रे, मी येतो जाऊन." मग स्टँडकडे चालू लागली. खिडकीत आता दुसरा कोणी होता. तिने त्याला तिकिटं मागितली, जालन्याची, सगळ्यांची. मी मागोमाग गेलो. गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की तिच्या हातात तांब्या नाही.

अम्मा आता फार थकली होती. ओसरीवर पडूनच असायची. आम्हाला बघून तिने एकीला हाताला धरून उठवून बसवायला लावलं. पेले आले. सवयीने एक माझ्यापुढे आला, आणि आणणारी मामीपुढून तशीच वळू लागली. मामीने हात पुढे केला.

सगळं घर ओसरीवर आलं. शेवंता त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. मामी हळूहळू, न थांबता, सगळा पेला प्यायली. पदराने तोंड पुसलं.

"ईनबाई," ती म्हणाली, "पाणी मचूळ हाय तुमचं."

"मग सगळं पिली कशाला?" अम्मा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. "और लाऊँ?"

"आणा."

मला वाटलं, आज तरी माझं ओझं उतरेल, आज सगळ्यांबरोबर प्यावं. मी पेल्याला हात घातला. मामीने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडाला लावला.

"तुले कायले पाह्यजे?" ती म्हणाली. "तू त पह्यलेच पेऊन बसला."